गाडी गळतेय हे कोणी सांगायचं

त्या घरात एक नियम होता. भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना तोंडपाठ होता. जो बिघाड सांगेल, बिघाड त्याच्याच माथी.

सासरे तीस वर्षं नटबोल्टच्या कारखान्यात तपासनीस होते. खराब माल ज्याने पुढे आणून दाखवला, त्याचीच आधी सही घ्यायची आणि मग सगळ्यांदेखत त्याची सालं काढायची, ही त्यांची कामाची पद्धत. निवृत्त झाले तेव्हा सगळे देतात तसं घड्याळ मिळालं, आणि पद्धत तेवढी फुकटात घरी घेऊन आले. सासूबाई एकदा म्हणाल्या, "अहो, फ्रिज गार होत नाहीये." झालं! महिनाभर त्यांनाच ऐकावं लागलं, की तूच दार उघडं टाकतेस, तुझ्या हाताला वळण नाही. धाकट्या दिराने गाडीचा ब्रेक करकरतो म्हणून सांगितलं, तर सहा महिने त्याला पुढच्या सीटवर बसू दिलं नाही. तो शहाणा, लांबची नोकरी धरून निघून गेला. उरलेल्यांनी तोंडाला कुलूप लावलं. नळ गळला की खाली बादली. बिजागरी निखळली की दार हळूच लोटायचं. एवढं मोठं घर, पण आजारी माणसासारखं कण्हत चाललेलं, आणि तपासनीस साहेब छाती काढून सांगणार, "माझ्या घरात एक वस्तू बिघडलेली दाखवा!"

कोण दाखवणार, कपाळ!

गाडी तर त्यांचा जीव की प्राण. उंच, पांढरी, तीन रांगांची. स्टिअरिंगला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सुनेचा नवरा चाळीशीला आलेला बाप्या, पण त्यालाही नाही. तोही "बरं बाबा" म्हणून शेजारी बसायचा. त्याचं सगळं आयुष्यच "बरं बाबा" होतं.

एका सकाळी पोर्च धुताना सुनेला गाडीच्या नाकाखाली हिरवं थारोळं दिसलं. वाटीएवढं. बोट लावलं तर बुळबुळीत. तिचे वडील आयुष्यभर व्हॅन चालवायचे, त्यामुळे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. इंजिन गार ठेवणारं कूलंट गळत होतं. तिने हळूच बॉनेट उघडलं. प्लॅस्टिकच्या टाकीवर दोन रेघा असतात, पाणी त्या दोन्हींच्या मध्ये असायला हवं. ते खालच्या रेघेच्याही खाली गेलेलं. रेडिएटरच्या खालच्या पाइपाशी ओल होती.

आता सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने घाबरून विषयच बदलला असता. सासऱ्यांना सांगायचं म्हणजे, "कुणी हात लावला होता बॉनेटला? तू? मग तूच सैल केलंस!" तिने इकडेतिकडे पाहिलं, बादलीतलं पाणी तांब्याने टाकीत ओतलं, झाकण लावलं आणि थारोळं खराट्याने नाल्यात लोटून दिलं.

दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा बोटभर उतरलं होतं. तिने पुन्हा ओतलं. असे तीन महिने. झाडणं, पुसणं, तसं तेही एक काम होऊन बसलं. नुसतं नळाचं पाणी घालून चालत नाही, आत गंज धरतो, हे तिला ठाऊक होतं हो! पण कूलंटचा डबा आणायचा तर कशासाठी, हे सांगावं लागलं असतं.

मग तिच्या भावाचा फोन आला. आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, रविवारी दुपारी बाराला. "डॉक्टर काही धड बोलत नाहीत गं. आई म्हणते, आत नेण्याआधी तुझं तोंड बघायचंय. तेवढं कर."

तिने त्याच रात्री बसची चौकशी केली. शनिवारी संध्याकाळी एक होती. सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला.

"घरात गाडी असताना बसने? लोक काय म्हणतील? मी नेतो ना."

सासूबाईंना वाटलं, केवढं मन मोठं यांचं. तिला मात्र वाट आठवली. मध्ये घाट होता, चौदा किलोमीटरचा, नुसता चढ. सांगावं, की न सांगावं? सांगितलं तर गाडी मिस्त्रीकडे जाणार, आधी चौकशी बसणार, रविवार हातचा जाणार. न सांगावं, तर पाणी ओतत ओतत कसंही पोचू. तिने पाण्याचे चार मोठे कॅन भरले आणि आईसाठी घेतलेल्या चादरींखाली दडवले.

रविवारी सकाळी निघताना सासरे गाडीशी थांबले. किल्ली हातात फिरवत तिच्याकडे बघत राहिले.

"काही राहिलं का? काही सांगायचंय?"

"नाही बाबा."

"बघ हं. आठव."

"नाही."

सातला निघाले. सपाटीवर इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावर होता. ती मागच्या सीटवर मधोमध बसून दोन सीटांच्या फटीतून तेवढंच बघत होती. घाट लागला आणि काटा हलला. तिने तोंडाला पदर लावला. "मळमळतंय. थांबवा ना जरा."

थांबले. इंजिन थोडं निवू दिलं, आणि बापलेक आडोशाला गेलेले पाहून तिने झाकणावर फडकं टाकून अडीच लिटर पाणी रिचवलं. वाफेने मनगट भाजलं. तिने ब्र काढला नाही. पुढे चार वळणं होतात न होतात, तोच काटा पुन्हा चढला.

"बाबा, पुन्हा होतंय. थांबवा."

"पिशवी आहे ना? पिशवीत ओक. दर वळणाला थांबायला ही काय वरात आहे?"

"बाबा, पाया पडते, थांबवा!"

"का? कारण सांग. थांबवतो."

तोंडात शब्द आला होता, अगदी जिभेवर होता, पण इतक्या वर्षांची सवय, तिने तो गिळला. काटा लाल पट्टीत गेला. सासऱ्यांनी काट्याकडे पाहिलं, आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि गिअर बदलून चढ घेतला. मग इंजिन खडखडलं, बॉनेटच्या कडांमधून पांढरी वाफ उसळली, आणि गाडी वळणावरच गचका खाऊन बंद पडली. साडेनऊ वाजले होते.

पायथ्याहून मिस्त्री यायला पाऊण तास लागणार होता. एक ट्रक थांबला. ड्रायव्हर म्हाताराच होता. "ताई, हॉस्पिटलच्या चौकातूनच जातोय. या, सोडतो." तिने एक पाय पायरीवर ठेवलासुद्धा.

"परक्या माणसाच्या ट्रकमधून? आमच्या घरची बाई?" सासरे मागून म्हणाले.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा चपलेने खडी उकरत होता. "थांब ना जरा," तो म्हणाला, "मिस्त्री येतोच आहे." आणि तिने पाय खाली घेतला. तो पाय तिने का खाली घेतला, हे तिने पुढे कित्येकदा स्वतःला विचारलं, आणि दर वेळी स्वतःला चार शिव्या हासडल्या.

मिस्त्री आला. झाकण उघडून त्याने बोट आत फिरवलं, ते तांबडं होऊन बाहेर आलं. "हेड वाकलंय, पिस्टन जाम झालेत. इंजिन गेलं साहेब. कुणीतरी रोज नुसतं पाणी घालत होतं यात. दोन-तीन महिने तरी. खालचा पाइप चिरलाय बघा. अहो, अर्ध्या तासाचं काम होतं! पाणी घालणाऱ्याने एका शब्दाने सांगितलं असतं तर..."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिला कधी एकदा सगळं ओकून टाकते असं झालं. "बाबा, मी..."

"माहीत आहे," सासरे म्हणाले. "तीन महिने रोज खिडकीत उभा राहून बघतोय. तांब्या, बादली, सगळं."

नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा मान वर केली. "मग तुम्ही का नाही हो..."

"मी? मी का सांगायचं? दिसलं तिला, सांगायचं तिने. म्हटलं बघू, कधी तोंड उघडते. आज तर आईपाशी जायचं होतं ना? निघताना विचारलं, वाटेत विचारलं." त्यांनी हात झटकले. "इंजिन दुसरं मिळेल. पण खोट कुठे आहे ते आज कळलं."

काय म्हणायचं अशा माणसाला! स्वतःची गाडी जाळली, पण तपासणी पूर्ण केली.

बारा वाजून दहा मिनिटांनी भावाचा फोन आला. "नेलं गं आत. दारापर्यंत विचारत होती, आली का ती, आली का." ती संध्याकाळी पोचली, नवऱ्याच्या मित्राच्या गाडीने. आई काचेपलीकडे नळ्यांमध्ये झोपलेली. शुद्धीवर आलीच नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

गाडीला दुसरं इंजिन बसलं, नवे पाइप बसले. सासऱ्यांनी तिला बोलावून हुकूम सोडला. "आता रोज सकाळी बॉनेट उघडायचं, बघायचं आणि मला येऊन सांगायचं. खुट्ट झालं तरी सांगायचं. लपवलेलं मला चालणार नाही."

"बरं बाबा," ती म्हणाली.

पहिले काही दिवस तिने खरंच बघितलं. सगळं ठणठणीत होतं. मग एका शुक्रवारी, सासरे जुन्या सहकाऱ्यांच्या दर आठवड्याच्या बैठकीला निघाले होते, ती दारात जाऊन उभी राहिली. "बाबा, पंपापाशी बारीक आवाज येतोय. किणकिण असा." कारखान्यातल्या यंत्रांनी त्यांचे कान कधीच नेलेले. बारीक आवाज त्यांना ऐकू यायचाच नाही. मिस्त्री आला, म्हणाला काही नाही. पण घाटातली वाफ सासऱ्यांच्या मनातून जात नव्हती. मिस्त्रीवर विसंबायचं, की घरात रोज डोळे लावून बसणाऱ्या माणसावर? ते गेले नाहीत. पुढच्या शुक्रवारी बेल्टचा वास येत होता. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पंखा उशिरा फिरत होता. हळूहळू त्यांनी बैठक सोडली, मग बाजार सोडला. खुर्ची धरून बसायला लागले. ती रोज वर्दी द्यायची, न चुकता.

आणि मग घाटापलीकडून त्यांच्या थोरल्या बहिणीचा निरोप आला. नव्वदीची म्हातारी, साऱ्या जगात एकटी त्यांना "बाळ्या" म्हणणारी. सुनेची आई वारल्यावर तिला जवळ घेऊन रडली होती ती हीच. फोनवर श्वास पुरत नव्हता. "बाळ्या, आता येऊन जा. उद्याचं काही सांगता येत नाही."

सकाळी सासऱ्यांनी बूट घातले, नाड्या आवळल्या. सून स्वयंपाकघरात गेली. सिंकखाली, फिनेलच्या बाटलीमागे, मिस्त्रीने ठेवलेला कूलंटचा अर्धा डबा होता. म्हातारीचा तो सुरकुतलेला हात तिला पाठीवर जाणवला, अगदी लख्ख जाणवला. क्षणभर ती तशीच वाकून राहिली. मग तिने झाकण फिरवलं.

पोर्चमधून ती आत आली तेव्हा तिचं बोट हिरवं होतं.

"बाबा, गळतंय."

त्यांनी बोटाकडे पाहिलं. उठून बाहेर गेले, गुडघे धरून वाकले, गाडीच्या नाकाखालचं वाटीएवढं थारोळं बघितलं. परत येऊन भिंतीला टेकले.

"मिस्त्री?"

"आज रविवार आहे बाबा. फोन लागत नाहीये."

सासूबाई कळवळून म्हणाल्या, "अहो, मग बसने जा ना! दहाची मिळेल अजून."

सुनेने पदराला बोट पुसलं. आवाज अगदी नरम होता, लेकीने बोलावं तसा.

"घरात गाडी असताना बसने? लोक काय म्हणतील, बाबा?"

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षं खोट शोधणारे डोळे ते, त्यांना काय दिसायचं ते दिसलं. पण बोलणार काय? बोलले असते तर खिडकी निघाली असती, घाट निघाला असता, सगळंच निघालं असतं.

ते पायरीवर बसले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले. गाठ सुटेना. सून खिडकीत जाऊन उभी राहिली आणि बघत राहिली.