डावीकडची तार

"लिहा की 'नाही' म्हणून. कोण विचारायला येतंय?" चिटणीसबाई म्हणाल्या आणि त्यांनी अर्ज टेबलावरून पुन्हा चावीकाकांकडे सरकवला.

अर्ज काकांच्या मुलीचा होता. बाकी सगळं तिनं नीटस अक्षरात भरलं होतं. वय पंचवीस, पियानोवर वाजवायच्या तीन रचना, त्यांना लागणारी मिनिटं, समोर कागद न ठेवता वाजवणार असल्याची कबुली. एकच रकाना कोरा होता. स्पर्धेच्या कामावर असलेल्यांपैकी कोणी जवळचे नातेवाईक आहे काय? त्याखाली बारीक टायपात सातवा नियम होता. असं नातं असेल तर अर्ज बाद.

"तुम्ही काय आमच्या नोकरीत आहात? वर्षातून चार दिवस येता, पियानोच्या तारा लावून जाता," बाई म्हणाल्या.

"बाई, मधल्या सुट्टीत स्टेजवर एकटा जातो तो मी. मनात आणलं तर आठव्या नंबरच्या पोराला पाडीन आणि नवव्या नंबरच्या पोरीला वर काढीन. तुमचे पाच परीक्षक पडद्यामागे बसलेले, एकालाही पत्ता लागायचा नाही."

"पण तुम्ही तसं करणार नाही."

"मी नाही करणार. पण नियम काय एकट्या माझ्यासाठी लिहिलाय?"

बाईंना हसू आलं. हे नियम त्यांनी स्वतः टाइप केले होते, आणि इतक्या वर्षांत ते वाचून त्यांचीच बाजू घेणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. "मग पुढच्या वर्षी देऊ दे तिला."

"पुढच्या वर्षी सव्वीस पूर्ण होतील. तुमचाच तिसरा नियम." काकांनी चष्मा पुसला. "यंदा तारा लावायला दुसरा माणूस बघा."

"काका, एकदा नवा माणूस घेतला की कमिटी तीन वर्षं बदलत नाही. माहितीये ना?"

"माहितीये."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि कोऱ्या रकान्यात 'नाही' लिहिलं. बत्तीस वर्षांच्या कामावर असं एका शब्दात पाणी सोडून ते उठले, आणि जाताना पंख्याचं बटणसुद्धा बंद करून गेले. सवय, दुसरं काय.

चावीकाका हे नाव त्यांना त्या सभागृहातच पडलं होतं. तारा पिळायची त्यांची लाकडी मुठीची चावी कायम कोटाच्या आतल्या खिशात असायची. लग्नाच्या फोटोतही त्या खिशाला फुगवटा दिसतो. सव्वादोनशेच्या आसपास तारा, एकेकीचा स्वभाव त्यांना पाठ. पण पियानोवर साधं एक गाणं वाजवा म्हटलं तर पंचाईत. "आचारी काय स्वतः पंगतीत बसतो का?" असं म्हणून ते वेळ मारून न्यायचे.

मुलगी पाच वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर यायची. तिचं काम एकच, काका सांगतील ती पट्टी दाबून टिंग करायचं. म्हणून घरात ती टिंगी. पुढे ती पियानो शिकवणाऱ्या एका बाईंकडे रीतसर शिकली, वाजवण्यातलं सगळं तिनं त्यांच्याकडूनच घेतलं. बापानं दिलं ते एवढंच की पियानोच्या पोटात काय चालतं. एकदा तिला पियानोखाली बसवून त्यांनी दाखवलं होतं. एका सुराला तीन तारा. डावं पेडल दाबलं की आतल्या हातोड्या केसभर उजवीकडे सरकतात, दोनच तारांवर पडतात, आणि डावीकडची तार मोकळी राहते. "म्हणजे ती रुसते?" असं तेव्हा तिनं विचारलं होतं. "नाही, ती विश्रांती घेते," असं काका म्हणाले होते.

शिकवणाऱ्या बाईंनी "अजून पिकू दे" म्हणून तिला बरीच वर्षं थांबवलं. मग दोन वर्षं आईच्या अंथरुणाशी गेली, आणि आई गेल्यावरचं एक वर्ष नुसतंच गेलं. उरलं होतं हे एक. पहिल्या तिघांना पुढच्या फेरीत जायचं होतं, नामवंतांसमोर वाजवायचं होतं. शाळेतल्या मुलांना सारेगम शिकवण्यापलीकडचं दार उघडलं तर तिथंच उघडणार होतं.

"तुमचं काम जाणार असेल तर अर्ज फाडून टाका," तिनं काकांना निक्षून सांगितलं होतं.

म्हणून त्या दिवशी घरी येताना काकांनी एक थाप तयार केली. तारा लावणाऱ्या माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगावी अशी ती नव्हती.

"काम मी सोडणारच होतो गं. उजवा कान दगा देतोय. वरचे सूर ऐकूच येत नाहीत."

टिंगी म्हणाली, "डॉक्टरकडे जाऊ या?"

"आं?" काका म्हणाले, आणि सोंगाला सुरुवात झाली.

पुढचे तीन महिने त्यांनी ते इमानेइतबारे वठवलं. जेवताना तिनं मीठ मागितलं की पाण्याचा तांब्या पुढे करायचा. दार वाजलं तरी पेपर वाचत बसायचं. ती बाहेरच्या खोलीत सराव करायची तेव्हा हे स्वयंपाकघरात भांडी विसळायचे, चेहरा अगदी निर्विकार. टिंगी चढ्या आवाजात बोलायला लागली. शेजारीपाजारी त्यांच्याशी हातवारे करून बोलायला लागले. हे जरा फारच झालं असं काकांनाही वाटलं, पण आता माघार कुठे घेणार?

नव्या ट्यूनरला भेटून मात्र आले. मुलगा भला होता. फोनवरच्या काट्याकडे बघून तारा लावायचा.

"मधल्या सप्तकात ही एक पट्टी आहे, तिची डावीकडची तार दगाबाज आहे. सात-आठ जणांनी बडवलं की खाली उतरते. सुट्टीत तिला थोडी चढती ठेवून यायची."

"काका, काटा बरोबर दाखवतोय," मुलगा म्हणाला.

"आत्ता बरोबरच दाखवणार. सुट्टीतही बरोबरच दाखवील. नंतर उतरते ती."

मुलानं मान डोलावली. काट्यावर विश्वास ठेवणारी मान ती, काकांना तेव्हाच कळलं.

स्पर्धेच्या दिवशी ते शेवटच्या रांगेत बसले. स्टेजच्या एका अंगाला पाच परीक्षक पडद्याआड होते. त्यांना नाव नाही, चेहरा नाही, फक्त नंबर कळायचा. चपलांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून जाजम अंथरलेलं. टिंगीचा नंबर अकरा. सहाव्यानंतर सुट्टी झाली. मुलगा स्टेजवर गेला, फोन धरला, पट्ट्या वाजवल्या, समाधानानं परत आला. तारेला त्यानं हात लावला नव्हता.

नववा स्पर्धक चांगला दांडगा निघाला. त्याचा शेवटचा भाग चालू असताना ती तार खाली उतरली. सूर कण्हल्यासारखा थरथरला. सभागृहात कोणाच्याही ध्यानात आलं नाही. काका मात्र अर्धवट उभे राहिले.

चिटणीसबाई दाराशीच होत्या. चार पावलं जाऊन सांगायचं, दोन मिनिटांचं काम. चावी खिशात होतीच. पण अकराव्या नंबरचा बाप दहाव्या नंबरच्या आधी उठून पियानोला हात लावतो, हे कुठल्या तोंडानं सांगणार? सातवा नियम त्यांनीच तर उचलून धरला होता. ते खाली बसले. आपल्या हातांचा त्यांना इतका राग कधी आला नव्हता.

अकरा नंबर आला. पहिली रचना जलद होती, तिच्यात तो सूर जाता जाता निघून गेला. दुसरी संथ. आणि ती सगळी त्या एका सुराभोवती फिरणारी. काकांनी डोळे मिटून घेतले.

सूर आला, पण थरथरला नाही. मऊ, थोडा मागे सरलेला, दोनच तारांचा. पुन्हा आला, पुन्हा तसाच. काकांनी डोळे उघडले. जाजमावरच्या लाल बुटांतला डावा पाय त्या सुरापुरता पेडलवर जात होता आणि लगेच सुटत होता. आपल्या पाळीची वाट बघताना आतल्या खोलीत तिनंही नववा नंबर ऐकला होता.

संध्याकाळी निकाल लागला. अकरा नंबर चौथा.

नियमाप्रमाणे प्रत्येकाला परीक्षकांचा शेरा मिळाला. टिंगीनं तो वाचून बापाच्या हातात दिला. 'वादन अतिशय समंजस. परंतु संथ रचनेत मुख्य सूरच वारंवार दबतो. डाव्या पेडलचा हा वापर अनाकलनीय.'

लोक पांगले. झाडूवाल्या बाई मागच्या रांगांपासून खुर्च्या उचलायला लागल्या. काका कागद हातात धरून उभे होते.

"सरळ वाजवायचं होतंस गं," ते शेवटी म्हणाले. "थरथरला असता तर त्यांनी पियानोला दोष दिला असता. तुझे मार्क कशाला गेले असते?"

"तेच म्हणतेय. पियानोला दोष दिला असता," टिंगी हळू म्हणाली. "माझ्या वेळी नाही कोणी त्याला बेसूर म्हणायचं."

"वेडी आहेस. म्हणू द्यायचं. आता परत..." परत नव्हतंच.

टिंगी त्यांच्याकडे पाठ करून, ओठ हलतील न हलतील इतक्या बारीक आवाजात म्हणाली, "बाबा, चावी आणलीये का?"

"आणलीये की," काका म्हणाले, आणि जीभ चावली.

ती वळली. डोळे भरलेले होते आणि तरी हसत होती. "मी चुकले की स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबायचा. पहिल्याच आठवड्यात कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"मग अर्ज मागे घ्यावा लागला असता. तुम्ही एवढे बहिरे झालात, ते फुकट गेलं असतं."

चिटणीसबाई दिवे मालवायला आल्या होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं, पियानोकडे पाहिलं. "स्पर्धा संपली आहे काका. आता कुठलाच नियम लागू नाही," असं म्हणून त्यांनी स्टेजवरचा एक दिवा तेवढा राहू दिला.

काकांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला. पियानोचं झाकण वर करून ते आत वाकले, बाकीच्या दोन तारा मुक्या राहाव्यात म्हणून त्यांच्यात फेल्टचं जाड कापड खोचलं, चावी बसवली. टिंगी बाकावर बसली आणि न सांगता नेमकी ती पट्टी दाबली.

टिंग.

"अजून," काका म्हणाले.

टिंग.

त्यांच्या मनगटानं किंचित जोर दिला. तार हळूहळू वर आली. त्यांनी फेल्ट काढलं.

"पुन्हा दे. तिन्ही तारा."

तिनं डावा पाय पेडलपासून दूर घेतला आणि पट्टी दाबली, पूर्ण जोरानं. सूर रिकाम्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत गेला. झाडूवाल्या बाई उचललेली खुर्ची हातात धरून थांबल्या. तो पुरता विरेपर्यंत टिंगीनं पट्टीवरचं बोट उचललं नाही.