मंदाबाईंचा डिस्चार्ज

मित्रांनो, मी एक जुनी पेशंट आहे. इतकी जुनी, की माझ्या दुखण्यावर हात बसवून गेलेल्या कितीतरी मुली आज मोठ्या सिस्टर झाल्या आहेत आणि मी मात्र खाटेवरच. काळजी करू नका, माझं दुखणं खोटं आहे. मी धुळ्याच्या एका नर्सिंग कॉलेजातली माणसाएवढी रबराची बाहुली आहे. कारखान्याने मला नावसुद्धा दिलं नव्हतं. इथल्या मुलींनी पहिल्याच दिवशी माझी मंदाबाई करून टाकली.

माझ्यावर काय काय गुदरलं म्हणून सांगू! सकाळी माझा पाय मोडायचा, दुपारी मला ताप चढायचा. दंडावर इतकी इंजेक्शनं बसली, की तिथलं रबर पार चाळणी झालं. मुली मला आंघोळ घालत, पट्ट्या बांधत आणि तास संपला की माझ्याच पायाशी बसून शेंगदाणे खात. टरफलं माझ्या उशीखाली जात. पण मला तो गोंगाट फार आवडायचा.

आमच्या कुंदा मॅडमचा एकच हेका होता. पेशंटला हात लावण्याआधी सांगायचं. "आजी, कुशीवर वळवते हं," एवढं म्हणायचं आणि मगच हात लावायचा. न सांगता कुणी माझा दंड धरला, की मॅडम तिला थेट दारापर्यंत परत पाठवत आणि पहिल्यापासून सुरू करायला लावत.

या नियमापाशी सादियाचं घोडं अडलं. सादिया सावद्याची. तिचे वडील, अन्वरभाई, केळीचे घड ट्रकमध्ये भरायचं काम करत. पोरीचे हात एवढे हलके, की तिने चादर कधी बदलली ते मला कळायचंही नाही. पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! माझ्यापुढे ती लाजायची आणि वॉर्डातल्या खऱ्या पेशंटपुढे तर नुसती मान हलवायची. शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल जवळ आलं, तेव्हा मॅडमनी स्पष्टच सांगितलं, "सादिया, अशी मुकाट राहिलीस तर तुला कोणी पास करणार नाही."

पास नाही तर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नाही आणि नोंदणी नाही तर नोकरी नाही. आणखी एक वर्ष हॉस्टेलात राहणं तिच्या घरच्यांना झेपणारं नव्हतं. त्या दिवशी ती माझ्या खाटेला डोकं टेकून रडली. मला रडता येत नाही, नाहीतर मीही रडले असते.

तिची मैत्रीण संघमित्रा साक्रीकडची, तोंडाची भलती चुरचुरीत. दुसऱ्या दिवशी ती आधीच येऊन माझ्या खाटेखाली दडून बसली. सादियाने नेहमीसारखा मुकाट्याने ओला रुमाल माझ्या हाताला लावला मात्र, आणि मी जन्मात पहिल्यांदा ओरडले.

"माय वं! पानी कितलं थंड शे!"

सादियाच्या हातातला रुमाल उडाला, तांब्या कलंडला.

"सांग ना वं पोरी, काय करी ऱ्हायनी? तुले तोंड शे का नही?"

सादियाने खाली वाकून पाहिलं. मग दोघी जमिनीवर बसून पोट दुखेपर्यंत हसल्या. हसता हसताच सादिया म्हणाली, "बरं मंदाबाई, चुकलं. आता हात पुसते हं." कुलूप उघडलं ते असं! त्या दिवसापासून खाटेखालची मी रोज कुरकुर करायचे आणि वरची सादिया मला समजावायची. मंदाबाईंना अहिराणीच कळते असा संघमित्राने कायदाच केला होता. त्यामुळे सादियाला तीही बोली येऊ लागली.

परीक्षा घ्यायला बाहेरच्या मॅडम आल्या होत्या. संघमित्रा दाराबाहेर, खाटेखाली कोणी नाही. सादिया माझ्याजवळ आली आणि गप्प उभी राहिली. मॅडम पेन हातात धरून वाट पाहू लागल्या. माझ्या रबरी छातीत काही असतं, तर ते धडधडलं असतं. बोल गं बाई, बोल!

सादियाने रुमाल पाण्यात बुडवून पिळला. "अक्का, पानी थंड नही शे, कोमट शे. आते तुमना हात पुसस बरं. घाबरू नका, मी आठेच शे."

"पेशंटने तक्रार केली का?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. पण करणार होत्या."

मॅडमनी तांब्यात बोट बुडवून पाहिलं. पाणी खरोखरच कोमट होतं. त्या मोठ्याने हसल्या आणि बाहेर संघमित्राने टाळी वाजवली.

निकालानंतर अन्वरभाई कॉलेज बघायला आले. त्यांनी दाराशी चपला काढल्या, मी पांघरुणात दिसताच आवाज खाली आणला आणि लेकीला विचारलं, "बाई झोपल्या का?" मग जपून माझ्या उशाशी केळीची फणी ठेवली. माझी विचारपूस करणारं ते पहिलंच माणूस. केळी संघमित्राने खाल्ली, ते जाऊ द्या.

नोंदणी झाली आणि सादियाला जळगावला नोकरी लागली. तिथेच मेहरूण भागात खोली घेऊन ती राहिली. अतिदक्षता विभागात बेशुद्ध पेशंटलासुद्धा ती सांगितल्याशिवाय हात लावायची नाही. लोक म्हणत, "त्यांना काय ऐकू येतंय?" ती म्हणे, "मंदाबाईंनाही येत नव्हतं." एक आजोबा शुद्धीवर आले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं, "ती सांगीसन सुई टोचनारी पोर कोठे शे?" पुढे ती आणखी शिकली आणि आमच्याच कॉलेजात मॅडम होऊन आली. हे सगळं तिने मला त्याच खाटेशी बसून सांगितलं.

पण यंदा नवी बाहुली आली. तिची नाडी चालते, ती खोकते. मला तंगडी धरून ओढत कोपऱ्यात टाकलं आणि भंगारवाल्याला निरोप गेला. ओढणाऱ्याने मला एका शब्दाने सांगितलं नाही. त्याचं मात्र लागलं.

दुसऱ्याच दिवशी सादिया मॅडम तणतणत आली. माझ्या मानेखाली हात घालण्याआधी ती खाली वाकली.

"अक्का, आते तुमले उचलस बरं."

"माय वं, हळू! मनी कंबर दुखस!" मागून मी ओरडले. दारात संघमित्रा उभी होती. ती आता मुक्ताईनगरजवळच्या एका गावात आरोग्य उपकेंद्र सांभाळते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना कसं वळवायचं, कसं पुसायचं, हे घरच्यांना शिकवायला ती सादियाच्या फोनवरून मला न्यायला आली होती.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी आजारी असेल. त्याला हात लावण्याआधी एवढं सांगत जा. बरं वाटतं हो! माझ्यासारख्या रबरालासुद्धा वाटतं.

दोघींनी मला गाडीत निजवलं, पांघरूण सारखं केलं. सगळ्या मुली व्हरांड्यात जमल्या. सादिया टाळ्या वाजवत ओरडली, "चला गं, मंदाबाईंना डिस्चार्ज मिळाला!"