सातव्या हौदाचा उतार

मार्ग उलटा करायचं ठरलं ते वाऱ्यामुळे. आमच्या चार दिवसांच्या सायकल सहलीला येणारी माणसं शेवटचे दोन दिवस समोरचा वारा खात यायची आणि संध्याकाळी माझ्यापुढे बसून तोंडं पाडायची. "शेतं सुंदर, कालवा सुंदर, पण बाई, तो वारा!" जसा काही वारा मीच सोडला होता. तीन हंगाम ऐकून घेतलं, चौथ्याला माझं डोकं फिरलं. म्हटलं, शेवटाकडून सुरू करा, वारा पाठीवर घ्या आणि माझी पाठ सोडा.

माझं काम कागदाचं. कुठे वळायचं, कुठे पाणी मिळेल, कुठे कुत्रं अंगावर येतं, सगळं मी लिहिते. तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून हँडलला लावायचा, की झालं. पाहुण्याला कुणाला काही विचारावं लागत नाही. माझा नियम एकच होता: जो रस्ता मी स्वतः चार वेळा चालवला नाही, तो कागदावर यायचा नाही. या नियमावर मी भल्याभल्यांची खरडपट्टी काढलेली आहे.

आणि तरी हा मार्ग मी टेबलावर बसून उलटा केला. रस्ता तोच, झाडं तीच. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे, पहिलं ते शेवटी. यात चालवून बघण्यासारखं काय आहे? दोन कप चहात चार दिवसांचा मार्ग फिरवून मोकळी झाले. वर हौसेने चार ठिकाणी नटवलासुद्धा.

आमचे हे तेव्हा मागे उभे राहून वाचत होते. चौतीस वर्षं दवाखान्यात औषधं देण्यात गेलेली. चिठ्ठीत दोन थेंब म्हणजे दोन थेंब, तिसरा पडला तर बाटली ओतून पुन्हा पहिल्यापासून. निवृत्त झाल्यावर एकसष्टाव्या वर्षी सायकल शिकले, तीही माझ्या हट्टापायी. अजून वळताना जीभ बाहेर काढायचे.

"पाहुणे गुरुवारी येणार," ते म्हणाले. "त्याआधी मी एकदा या बाजूने चालवून पाहू का?"

"का? माझं लिहिणं तपासायला?"

"तसं नव्हे गं."

"मग तसं म्हणू नका. मजा करायला जायचं तर खुशाल जा. परीक्षक होऊन जाणार असाल तर घरी बसा."

ते हसले. "मजा करायला जातो, बाई. तू लिहिलंयस म्हणजे बरोबरच असणार."

माझ्या जिभेला हाड नाही, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. त्यावर त्यांनी कधी औषध शोधलं नाही, एवढीच त्यांची चूक.

मंगळवारी सकाळी आमच्या गाडीवाल्याने त्यांना आणि सायकलला वरच्या गावात सोडलं, चार दिवसांतला कालव्याचा एक दिवस तेवढा ते चालवणार होते, आणि तो तसाच दुसऱ्या पाहुण्यांचं सामान घेऊन पुढे गेला. आठ वाजता यांचा फोन आला, निघतोय म्हणून. मी म्हटलं, सावकाश या, जेवायला थांबते.

दहाच्या सुमारास मी हौदवाल्याला फोन लावला. दर मंगळवारी लावते. आमच्या गावापासून कालवा पायरीपायरीने वर चढत जातो, आणि प्रत्येक पायरीला एक दगडी हौद आहे, दोन्ही तोंडांना दरवाजे. हौद भरला की बोट वर, रिकामा केला की बोट खाली. असे अकरा हौद हा एकटा माणूस सांभाळतो. पाणी कुठे आहे, वाट कुठे खचली आहे, त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

"वहिनी, सातवा हौद कालपासून कोरडा आहे," तो म्हणाला. "खालचे दगड बदलायचेत. मशीन आत उतरवायचं म्हणून काठाचं रेलिंगही काढलंय. माणसं उद्या येतील कामाला."

"रेलिंग काढलंय? अहो दादा, माझी माणसं तिथून जातात!"

"त्यांना काय होतंय? तुमची माणसं तिथे सायकली ढकलत वर चढतात. चढताना कोण पडतंय हौदात?"

तो हसला. मीही सवयीने हसले. आणि हसता हसता मला टेबलावर बसून उलटा केलेला कागद आठवला.

सातव्या हौदापाशी कालव्याची वाट सोडून गावरस्त्याला लागायला एक चढ आहे. पन्नासेक पावलांचा, खडीचा, भिंतीसारखा उभा. जुन्या कागदात मी लिहिलं होतं, 'इथे उतरा, सायकल ढकला, वर बाक आहे, दम खा.' नव्या कागदात काय लिहिलं होतं ते मला बघायची गरज नव्हती, तरी मी टेबलाकडे धावले आणि पाहिलं. 'बाकापाशी उजवीकडे झकास उतार. ब्रेक सोडा, पाय मोकळे करा. खाली कालवा भेटेल.'

खाली कालवा भेटेल! चढणाऱ्याच्या पाठीशी असतो तो हौद उतरणाऱ्याच्या तोंडासमोर येतो, एवढी साधी गोष्ट. चार वेळा तो चढ मी हाशहुश करत चढले होते, पण एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

"दादा, हे आज वरून येताहेत," मी फोनमध्ये ओरडले. "खाली उतरताहेत ते! तुम्ही कुठे आहात?"

"अकराव्यावर," तो म्हणाला, आणि मग त्याच्याही लक्षात आलं. "निघालोच."

यांचा फोन लागेना. लागणार कसा? कागदाच्या पहिल्याच ओळीत मी लिहून ठेवलं होतं, 'फोन बंद करून पिशवीत ठेवा आणि शेतांचा आवाज ऐका.' बाकी दुनियेतला एकही पाहुणा ही ओळ मनावर घेत नाही.

घरी गाडी नव्हती. रस्त्याने सातवा हौद बावीस किलोमीटर, कालव्याकाठाने नऊ. मी सायकल काढली. हेल्मेटसुद्धा घातलं नाही, कुलूप लावलं की नाही देव जाणे.

ती वाट मी शेकडो वेळा गेलेली. पूर्वी घोडे तिच्यावरून बोटी ओढायचे, म्हणून सपाट, सरळ, पोरासोरांनी चालवावी अशी. पाहुणे म्हणतात, इथे वेळ थांबतो. त्या दिवशी तो थांबत नव्हता. मी मनात हिशोब करत होते: आठला निघाले, ताशी आठ किलोमीटर, दोनदा पाणी प्यायला थांबणार, कागदावर 'थांबा' लिहिलंय तिथे थांबणारच. म्हणजे अकरा. अकराला पाच कमी, फार तर. घड्याळात साडेदहा.

तिसऱ्या हौदापर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. चौथ्यानंतर पाणी उतरलेलं दिसायला लागलं. दोन्ही काठांवर हिरवट ओली रेघ, तिच्याखाली गाळ. पाचव्याच्या पुढे दोन बोटी कलंडून पडल्या होत्या, एकीच्या खिडकीत पडदे तसेच. माणूस एकही नाही. गळ टाकून बसणारे दोघे म्हातारे रोज तिथे असतात, त्यांच्या खुर्च्यासुद्धा नव्हत्या. कुजक्या गाळाचा वास नाकात बसला. वारा माझ्या तोंडावर होता, आणि मला पहिल्यांदा त्या पाहुण्यांचं म्हणणं पटलं. प्रत्येक पेडलला मी स्वतःला शिव्या घालत होते, नावानिशी, मोठ्याने.

सहाव्या हौदाजवळ गवतात लोखंडी रेलिंगचे तुकडे एकावर एक रचून ठेवलेले दिसले. त्यांना नीट दोरी बांधली होती, गंजू नयेत म्हणून वर ताडपत्री घातली होती. काम किती व्यवस्थित! मला ओरडावंसं वाटलं, पण छातीत हवाच नव्हती.

सातवा हौद आला. मी सायकल टाकली आणि आधी काठाशी जाऊन खाली पाहिलं. दोन मजले खोल. ओले दगड, थोडा चिखल, एक फुटका डबा. बाकी काही नाही. कुणी नाही.

मग वर पाहिलं. उताराच्या डोक्यावर, बाकाशेजारी, हे उभे होते. सायकलवरून उतरलेले. एक हात हँडलवर, एक सीटवर, पुढचं पाऊल जपून टाकलेलं, चढावर सायकल ढकलतात तसे, पण खाली तोंड करून. त्यांनी उतार पाहिला होता. माझा कागद वाचून, माझ्या अक्षरातली 'ब्रेक सोडा' ही ओळ वाचून, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेलं बाजूला ठेवलं होतं आणि चालत यायचं ठरवलं होतं.

मला इतका आनंद झाला की काय सांगू! रडू आलं, हसू आलं. मी हात वर केला. थांबा म्हणून नाही, थांबलेच होते ते. नुसता खुशीने वर केला, स्टेशनवर आपलं माणूस दिसल्यावर करतो तसा.

त्यांनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला, तो मला इतक्या लांबूनही दिसला. त्यांनीही हात हलवला. आणि एक टांग टाकून ते सायकलवर बसले.

"नका!" मी म्हटलं असेन. म्हटलं का, ते आज शपथेवर सांगता येणार नाही. खडी वाजली. पहिल्या दहा पावलांत ते हसत होते, पुढच्या दहात जीभ बाहेर होती, त्यानंतर मागचं चाक घसरायला लागलं. मी हात पसरून हौदाच्या काठाला उभी राहिले. म्हटलं, माझ्यावर आदळतील, दोघं पडू, हाडं मोडतील, मोडू देत. त्यांनी मला चुकवायला हँडल वळवलं. हँडलचं टोक माझ्या खांद्यात बसलं, मी गवतात फेकली गेले, आणि काठावर मी एकटीच उरले.

हौदवाला पाचच मिनिटांत आला. भिंतीतल्या लोखंडी पायऱ्यांवरून तोच खाली उतरला. माझा खांदा निखळला होता, मला वरून फक्त त्याची पाठ दिसत होती. रुग्णवाहिका यायला अर्धा तास लागला. हे दवाखान्यात पोचायच्या आत गेले.

पंधरा दिवसांनी हौदवाला घरी आला. खुर्चीच्या टोकावर बसला, टोपी हातात फिरवत. मी म्हटलं, दादा, माझ्याच कागदाने मारलं त्यांना. तो एकदम पुढे सरकला.

"नाही वहिनी, तसं मनात आणू नका. ते शुद्धीवर होते, बोलले माझ्याशी. म्हणाले, कागदावर माझा भरवसा बसेना, मी चालतच उतरणार होतो. पण ही खाली उभी दिसली, म्हटलं, आता कसली भीती."

भला माणूस. मला बरं वाटावं म्हणून सांगितलं त्याने.