सावलीची हरकत

मला किळस आली ती त्या समितीच्या गोडव्याची. "मॅडम, आपल्याला कुणाचंच मन दुखवायचं नाहीये," असं म्हणत म्हणत या लोकांनी माझ्या नकाशाचे लचके तोडले.

काम साधं होतं. माझ्या आत्याने डोंगराच्या पायथ्याची आपली जागा सर्वधर्मीयांना शांत बसण्यासाठी या समितीला देऊन टाकली होती. तिची अट एकच. मधलं जुनं झाड राहील आणि कुठल्याही धर्माचं माणूस त्याच्याखाली गप्प बसू शकेल. आत्याचे गुडघे गेलेत. घराबाहेर पडता येतंय तोवर तिला स्वतःलाही तिथे बसायचं होतं. मी आर्किटेक्ट. झाडाभोवती दगडी बाकं आखली, एक छोटं कुंड आखलं, एक उभा दगड, संपलं.

समितीवर प्रत्येक धर्माचा एकेक प्रतिनिधी. एकाला बाकांची दिशा खुपली, दुसऱ्याला कुंडातलं पाणी. तिसऱ्याला उभा दगड नको, उद्या कुणी त्याला हात जोडेल. मी एकेक गोष्ट नकाशातून खोडत गेले. उरलं झाड. तेव्हा एक गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "दुपारनंतर सावली एकाच बाजूला पडते. तिकडे बसणाऱ्यांना झुकतं माप मिळतं."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्षभर एकमेकांना पाण्यात पाहणारी ही मंडळी पहिल्यांदाच एका सुरात बोलत होती. झाड पाडायचं, वर गोल पत्रा टाकायचा, सावली सगळ्यांना सारखी.

"आणि आत्याची अट?"

"आजींना समजावू," अध्यक्ष लाडिकपणे म्हणाले. "त्यांच्या नावाची छान पाटी लावू."

मी सही केली नाही. त्यांचं काही अडलं नाही. झाड पाडण्याआधी सगळ्यांनी आळीपाळीने त्याच्यासाठी प्रार्थनाही केली म्हणे. 

आत्या हट्टाने ती जागा पाहायला निघाली. मी तिला गाडीतून नेलं. पत्रा अजून यायचा होता, समिती मात्र हजर होती. आत्या काठी टेकत सरळ झाडाच्या उरलेल्या बुंध्यापाशी गेली आणि त्यावर बसली.

"आजी, तिथे नको," अध्यक्ष म्हणाले. "मध्यभागी कुणीच बसायचं नाही, असं ठरलंय."

आत्या हलली नाही. अध्यक्षांनी मला खूण केली, उठवा त्यांना. मी जाऊन तिच्या शेजारी बसले.

"ऊन लागतंय गं," आत्या म्हणाली.