चिखलाची राखण

"मावशी, किल्ली द्या. पोरं दारात उभी हायत."

"उभी राहू दे," प्रभावती म्हणाली.

ती अंगणवाडीच्या पायरीवर बसली होती, झाडू मांडीवर आडवा. आत घोट्याच्या वर चिखल, मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग. ओढा परवा आत येऊन गेला होता. वरच्या अंगाला कंपन्यांनी भराव टाकल्यापासून त्याला वस्तीखेरीज दुसरी वाट उरली नव्हती.

किल्ली मागणारा धम्मरत्न वस्तीतलाच. रात्रपाळी करून आलेला, अंगावर अजून कंपनीचा निळा शर्ट. "निदान दारातला तरी काढू."

"बोटभर न्हाई. पंचनामा होऊ दे."

ती ग्रामपंचायतीची सफाई कामगार. उभा जन्म घाण काढण्यात गेलेला. चिखल ओला असतानाच ओढायचा, वाळला की तो भिंत घेऊनच सुटतो. समोर तो वाळत होता आणि तिचे हात शिवशिवत होते. तरी ती हलली नाही. गेल्या वर्षीचं ती विसरली नव्हती.

गेल्या वर्षीही पूर आला होता. पाणी पुरतं उतरायच्या आत तिने पदर खोचला आणि बायकांना हाका घातल्या. सांजेपर्यंत फरशी दिसली. दुसऱ्या दिवशी भिंतींना चुना, आणि पोरं हसत आत बसली. आठवड्याने तालुक्याच्या कचेरीतले साहेब पाहणीला आले. चुन्यावरून बोट फिरवून म्हणाले, "इथे तर काहीच झालेलं नाही."

गावातल्या शाळेला मात्र सरपंच ज्योतीरामने पहिल्याच दिवशी कुलूप ठोकलं होतं. चिखल जसाच्या तसा राखला. वरून दोन घमेली जास्तच टाकला, असं लोक म्हणत. पुराच्या दुरुस्तीचा निधी पंचायतीच्या खात्यावर आला तो सगळा शाळेला गेला. नवी भिंत, रंगीत फरशी आणि सरपंचाच्या नावाची पाटी.

ग्रामसभेत धम्मरत्नने विचारलं, तेव्हा ज्योतीराम खुर्चीत रेलून म्हणाला, "तुमची प्रभावती लई चोख बाई. पूर येऊन गेला ह्याचा माग ठिवला न्हाई तिनं. निधी नुकसानीला मिळतो भावा, सारवण्याला न्हाई."

गाव हसलं. वस्ती हसली नाही, पण तिच्याकडे बघेनाशी झाली. नळावर एक बाई दुसरीला म्हणाली, तिला ऐकू जाईल असं, "हिच्या झाडूनं पोरांचं छप्पर खाल्लं."

आता सरपंचाने उघडच सांगितलं होतं: इमारत पडायला झालीय, पैसा नाही, पोरं गावातल्या अंगणवाडीत धाडा. म्हणजे वस्ती आणि गावाच्या मधला चाकणचा रस्ता ओलांडा. त्या रस्त्यावर ट्रेलर कुणासाठी थांबत नाहीत. मोठी माणसंही एकमेकांचा हात धरून पळतात.

दुपारी जीप आली. साहेब उतरले, मागून ज्योतीराम.

"हा काय उकिरडा? सफाई कामगार कोण आहे इथे?"

"मीच."

"मग पगार कशाचा घेता? कारवाई होईल तुमच्यावर."

"बघा सायेब," ज्योतीराम म्हणाला. "घाण तशीच ठिवायची आन् सरकारकडं हात पसरायचा. जातच नाही ही खोड."

प्रभावती बसल्या जागेवरूनच बोलली. "गेल्या साली चिखल न्हवता, म्हणून पैसा न्हाई. औंदा हाय, तर कारवाई. पुरानं यावं तरी कसं, ते तुमीच लिवून द्या."

"सरपंचांसमोर नीट बोला."

"मी तुमच्याशी बोलतीय. आत जावा."

तिने कुलूप काढलं. साहेबांनी उंबऱ्यावरूनच मोबाइल पुढे केला. "इथून दिसतंय सगळं."

"भेग दिसत न्हाई हितून."

साहेब मागे वळले, तर पायरीखाली धम्मरत्न उभा होता. त्याच्या मागे नळावरच्या बाया. कुणी सरकलं नाही. साहेबांनी आत पाय टाकला. वरून वाळलेला चिखल फुटला आणि बूट घोट्यापर्यंत आत गेला. भिंतीपाशी जाऊन त्यांनी भेगेला हात लावला, तर गिलावा त्यांच्याच मनगटावर सुटून पडला. मग त्यांनी फोटो काढले, जवळून.

बाहेर आले ते पाय झटकत. पायरीशी पाण्याची बादली भरलेली होती.

"बाई, पाणी टाका जरा पायावर."

प्रभावतीने झाडू बादलीवर आडवा ठेवला. "न्हाई सायेब. पंचनामा पुरा व्हायचाय. कचेरीत असंच जावा, म्हंजी तितंबी कळंल."

नळावरची ती बाई आधी हसली, मग सगळ्याच.

जीपकडे जाताना ज्योतीराम थांबला. "प्रभे, तुझं काम गेलं समज."

शब्दाचा पक्का निघाला. पुढच्या महिन्यापासून गाव झाडायला दुसरी बाई आली. झाडू पंचायतीचा होता, तो प्रभावतीने परत केला. किल्ली दिली नाही.

निधी मंजूर झालाय म्हणतात. थंडी सरली, अजून आलेला नाही. पोरं तिच्याच ओट्यावर बसून अंक म्हणतात. ती सकाळी उठते, अंगणवाडीचं कुलूप काढते. आत चिखल खापरासारखा कडक झालाय आणि त्यात साहेबांच्या बुटाचे ठसे, दारापासून भिंतीपर्यंत. ते जागच्या जागी आहेत ना एवढं बघते आणि कुलूप लावते.