मोकळी हो

माझा धाकटा भाऊ धर्मेश हुशार आहे, पण त्याची सगळी हुशारी मोबाइलमधली. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत तो ऑपरेटर आहे. पालेगावची आमची जमीन बिल्डरला गेली, तेव्हा आईच्या वाट्याचे पैसे त्याच्याच खात्यात ठेवले. त्यातून बेलवलीत तळमजल्यावर घर घ्यायचं ठरलं होतं. आईचे गुडघे गेलेत आणि भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. शिवाय तिला सुकट वाळवायला अंगण हवं होतं. गॅलरीत घातली की शेजारचे वासापायी बोंब मारतात.

रविवारी टोकन द्यायचं, म्हणून मी उल्हासनगरहून शुक्रवारीच आले. आल्या आल्या कळलं, की या शहाण्याने ते पैसे क्रिप्टोत घातलेत. तेही शॉर्टमध्ये.

मी कडाडले, तर मलाच शिकवायला लागला.

"ताई, उल्हासनगरात राहून तुला एवढं कळत नाही? भाव वाढणार वाटलं, तर जीन्स आज घ्यायची, नंतर विकायची. तो लाँग. भाव पडणार वाटलं, तर शेजारच्या सिंधी शेटकडून माल उसना घेऊन आजच विकायचा. पडला की स्वस्तात घेऊन त्याचा त्याला परत. मधले आपले. तो शॉर्ट."

"आणि भाव वाढला तर?"

"तर महाग घेऊन परत करायचा. पण पडणार गं, चार्ट बघ ना."

त्यात याने उधारीवर कितीतरी पट मोठा सौदा केलेला. भाव थोडा जास्त चढला, की सगळेच पैसे बुडणार. मला रात्रभर झोप लागली नाही.

शनिवारी त्याची पहिली पाळी. प्लांटमध्ये मोबाइल चालत नाही, म्हणून बूट घालता घालता त्याने तो बायकोच्या, प्राचीच्या हातात दिला. "हा आकडा या रेघेच्या वर गेला की मोकळी हो. आहे तेवढीच क्वांटिटी टाक, बटण दाब, बस!" खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. धर्मेश धावत गेला.

प्राची बिचारी तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून बसली. जेवायच्या वेळेला आकडा रेघेच्या वर गेला. समोर दोन बटणं, हिरवं खरेदीचं, लाल विक्रीचं. आता आमच्या घरात मोकळं होणं म्हणजे विकणं. बैल विकून मोकळे झालो, शेत विकून मोकळे झालो, बाबा शेवटपर्यंत हेच म्हणायचे. तिने लाल दाबलं.

"झाले हो ताई मोकळी!"

माझाही जीव भांड्यात पडला. मी तिला चहा करून दिला.

धर्मेश आला तो बूट न काढताच मोबाइलवर झडप घालून. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू सेल केलंस?"

"तुम्हीच बोललात ना, मोकळी हो."

"अगं, शॉर्ट होता तो! विकलेलंच होतं आधी. मोकळं व्हायला बाय करायचं असतं! तू अजून विकलंस, डबल झाला शॉर्ट. वर भाव चढतच गेला. सगळं साफ!"

"तिच्यावर ओरडू नकोस," मी म्हटलं. "मला जीन्स शिकवत बसलास. तिला बटण दाखवायला काय झालं होतं?"

आई भिंत धरत बाहेर आली. उद्यासाठी काढलेलं ठेवणीतलं लुगडं तिच्या हातात होतं.

"काय जालं रं?"

"आई, घराचे पैसे गेले," प्राची रडत म्हणाली.

"सगले?"

धर्मेशने मान हलवली.

"मंग जालो मोकले," आई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. बाबा म्हणायचे तसंच म्हणाली, आणि धर्मेश मटकन खाली बसून हुंदके द्यायला लागला.

आईने लुगडं कपाटात ठेवलं. मग गॅलरीतली सुकट आत आणली, शेजारचे ओरडायच्या आधी.