कोरडे बंदर

मित्रांनो, मी एक जुनी सुटकेस आहे आणि मी डूख धरते. डूख साप धरतो असे म्हणतात. पण साप बिचारा चार ठिकाणी हिंडतो, त्याचे मन रमत असेल. मी मात्र जवळजवळ सगळे वर्ष कपाटाच्या माथ्यावर तोंड मिटून पडलेली असते. झालेल्या गोष्टी आठवत बसण्याखेरीज मला दुसरे काम नसते.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. जाड कापड, कडांना कातडे, खाली छोटी चाके आणि समोर तोंड मिटायला दोन पितळी कळा, असे माझे रूप होते. मला घडवणाऱ्या कारागिराने माझे तोंड पुन्हा पुन्हा उघडून मिटून पाहिले आणि समोरच्या बाईंना सांगितले, "हिला मुठीला धरून उचला, आपटू नका. मग बघा कशी साथ देते." बाईंनी मान डोलावली. बाईंचे यजमान त्या वेळी बाहेर उभे राहून दुकानाची पायरी कुठल्या दगडाची आहे ते वाकून पाहत होते. तिथेच मी काय ते समजायला हवे होते.

बाई गावातल्या तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवत, म्हणून त्यांना सगळे तलावबाई म्हणत. यजमानांचे फरश्यांचे दुकान होते, म्हणून ते फरशीवाले. आमच्या गावात हिवाळा हाडे गोठवणारा. ऐन थंडीत तलाव रिकामा करून घासायला काढत आणि तेवढीच काय ती बाईंना सुट्टी मिळे. मग जेवणाच्या टेबलावर रंगीत पत्रके पसरली जात आणि उबदार जागेचा शोध सुरू होई. ऊन दोघांनाही हवे असे. वाद उन्हाच्या पुढे होता. बाईंना समुद्र हवा होता, कारण जन्मभर औषध घातलेल्या चौकोनी पाण्यात पोहून त्यांना एकदा तरी भिंत नसलेल्या पाण्यात पोहायचे होते. फरशीवाल्यांना प्राचीन अवशेष हवे असत. वर्षभर दगड विकायचे आणि सुट्टीत दगड पाहायला जायचे, अशी त्यांची तऱ्हा.

जिंकत कोण, हे सांगायला नकोच. मी पडक्या नाट्यगृहांच्या पायऱ्या चढले, थडगी पाहिली, तटबंद्यांवरून खडखडत गेले. फरशीवाले प्रत्येक खांबाला टिचकी मारून बघत आणि "पुढच्या वर्षी समुद्र, नक्की," असे म्हणत. दर वर्षी बाई सर्वांत आधी आपला निळा पोहण्याचा पोशाख माझ्या तळाशी घडी घालून ठेवत. त्यावर फरशीवाल्यांचे जाडजूड ग्रंथ आणि बूट येऊन पडत. दर वर्षी तो पोशाख कोरडाच परत येई. मित्रांनो, कोरड्या पोशाखाचे ओझे बुटांपेक्षा जास्त असते. मी वाहिले आहे, मला ठाऊक आहे.

एकदा एका हॉटेलच्या जिन्यात माझे चाक अडकले. फरशीवाले दमलेले होते. "काय हे डबडं!" म्हणून त्यांनी मला लाथ घातली आणि मी घरंगळत खालच्या दारावर आदळले. माझी डावी कळ वाकली. तेव्हापासून कोपरा अंगठ्याने हलकेच उचलून दाबला तरच ती उघडते. बाईंनी ती खुबी लगेच शिकून घेतली. फरशीवाले अजूनही बुक्की मारतात. त्या दिवशी मी मनाशी खूणगाठ बांधली.

पण मी डूख धरला तो लाथेसाठी नव्हे. ऐका.

एका वर्षी बाईंचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी तपासून सांगितले की पोहायचे असेल तितके आता पोहून घ्या, हा खांदा फार हिवाळे साथ देणार नाही. बाईंनी हे जेवताना घरी सांगितले. फरशीवाल्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"मग ठरलं," ते म्हणाले. "या वर्षी बंदरावर जायचं."

"बंदर म्हणजे बंदरच ना?"

"अगं, केवढं मोठं प्राचीन बंदर आहे! मोठमोठी जहाजं लागायची तिथे."

लागायची, म्हणाले. लागतात नव्हे. आनंदाच्या भरात बाईंचे तिकडे लक्ष गेले नाही.

बाईंनी तलावावरच्या सगळ्या मुलांना सांगून टाकले की त्या समुद्रात पोहणार आहेत. मुलांनी त्यांना शंख आणायला बजावले. निघताना बाईंनी मला झटकले, पुसले, माझ्या मुठीला तेलाचा हात लावला. लग्नघरची करवली मिरवावी तशी मी त्या वर्षी मिरवत निघाले.

बंदर होते. दगडी धक्का होता, जहाजे बांधायच्या कड्या होत्या, दीपगृहाचा चौथरा होता. पाणी तेवढे नव्हते. नदीच्या गाळाने समुद्र कधीच मागे रेटला होता आणि धक्क्यापासून नजर पोचेल तिथवर कोबीचे शेत होते. बाईंनी तिथल्या वाटाड्याला समुद्र कुठे आहे ते विचारले. त्याने क्षितिजाकडे हात केला आणि तो हसला. बाई माझ्यावर बसून राहिल्या. फरशीवाले कड्यांना टिचक्या मारत होते.

घरी आल्यावर मुलांनी शंख मागितले. खोटे बोलणाऱ्या मुलाला काठावर उभे करणाऱ्या बाई मुलांना म्हणाल्या, "समुद्र खवळला होता रे, उतरता आलं नाही." त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी हे आमच्याकडेच राहणाऱ्या नणंदेला, फरशीवाल्यांच्या थोरल्या बहिणीला, सांगितले आणि त्या रडल्या. मी तेव्हा कोपऱ्यातच होते, अजून कपाटावर चढायची होते.

आणि फरशीवाले? त्यांनी मित्रांना जेवायला बोलावून हा किस्सा रंगवून सांगितला. "मी बंदर म्हटलं होतं, पाणी आहे असं कुठे म्हटलं?" असे म्हणून टाळी मागितली. सगळे हसले. ती थोरली बहीण तेवढी हसली नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन भावजयीला म्हणाली, "वहिनी, हा लहानपणी चेंडू देतो म्हणायचा आणि हवा काढून द्यायचा. तेव्हा मी त्याला एकदाच धडा शिकवला होता. आता तुझी पाळी."

पुढच्या हिवाळ्यात पत्रके पुन्हा पसरली. या खेपेस बाई गोगलगाईसारख्या गरीब झाल्या होत्या. "तुम्ही म्हणाल तसं," असे म्हणून त्यांनी एक पत्रक पुढे सरकवले. नणंदेने ते मोठ्याने वाचायला घेतले. प्राचीन नगर, फरसबंद रस्ते, रांगेने उभे खांब, सगळे जसेच्या तसे. मधली एक ओळ वाचताना तिला मोठा खोकला आला.

"गर्दी असते का?" फरशीवाल्यांनी विचारले.

"छे. फार थोडी माणसं आतवर जातात," बाई म्हणाल्या.

"चढ?"

"चढ मुळीच नाही. उतार आहे."

फरशीवाले छायाचित्र न्याहाळत राहिले. "वा! आकाश बघ किती निळं आहे!"

नणंदेला पुन्हा खोकला आला. आणि मी, कपाटाच्या माथ्यावर, आनंदाने बिजागऱ्या आवळून धरल्या.

फरशीवाल्यांनी नवे बूट घेतले, रुंद काठाची टोपी घेतली. टोपी आणि उन्हाचे मलम त्यांनी स्वतः माझ्यात भरले. बाई आपला निळा पोशाख या वेळी कपड्यांच्या आतच घालून निघाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा हॉटेलची खोली तयार नव्हती. म्हणून आम्ही तिघे थेट किनाऱ्यावर आलो. ऊन लखलखीत होते. फरशीवाल्यांनी बुटांच्या नाड्या आवळल्या आणि एका नावाड्याला विचारले, "ते प्राचीन नगर कुठल्या बाजूला?"

नावाड्याने समोर बोट दाखवले.

"तिथे तर समुद्र आहे."

"खाली आहे ना नगर. भूकंपात बुडालं. पोहता येतं ना तुम्हाला?"

फरशीवाल्यांना पोहता येत नव्हते. बाईंनी किती वेळा शिकवते म्हटले होते. "मी काय पोरांसारखा फुगे बांधून पाण्यात नाचू?" असे म्हणून त्यांनी दर वेळी उडवून लावले होते. आता त्यांनी मागे वळून पाहिले. बाई निळ्या पोशाखात उभ्या होत्या.

"अगं, हे काय? तू तर नगर म्हणाली होतीस!"

"नगरच आहे की," बाई म्हणाल्या. "अहो, कोरडं आहे असं कुठे म्हटलं?"

मित्रांनो, असे वाक्य ऐकायला मी आणखी दहा लाथा खाल्ल्या असत्या.

बाई पाण्यात शिरल्या. उजवा हात थोडा जपून उचलत त्या संथ पोहत गेल्या, डोके खाली घालून, वर काढून, पुन्हा खाली घालून. किनाऱ्यावर ऊन चढले. फरशीवाल्यांना टोपी आठवली. ते माझ्यापाशी आले आणि त्यांनी कळेवर बुक्की मारली. मी उघडले नाही. पुन्हा मारली. ओढले, खेचले, मला वाळूत उलटे केले. तेव्हा मी कळ सोडली, पण ती त्यांच्या बोटावरच पुन्हा घट्ट बसली. ते ओरडून बोट चोखत माझ्या शेजारी बसले. बाई परत येईपर्यंत त्यांचे टक्कल टोमॅटोसारखे लाल झाले होते.

बाईंनी अंगठ्याने कोपरा हलकेच उचलला आणि मी उघडले.

संध्याकाळी फरशीवाल्यांनी काय काय पाहिलेस म्हणून विचारले. बाई सांगू लागल्या, "रस्ता आहे, सरळ. कडेला खांब. आणि एका चौकात फरशीवर असं काही कोरलंय म्हणून सांगू..."

"काय कोरलंय?"

"जाऊ दे, दमले. उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशीही त्या दमल्याच. सुट्टीभर फरशीवाले किनाऱ्यावर त्या फरशीच्या आशेने बसून राहिले. शेवटच्या संध्याकाळी ते नव्या बुटांतली वाळू झटकत हळूच म्हणाले, "मला शिकवशील का पोहायला?"

"शिकवीन की," बाई म्हणाल्या. "तलाव उघडला की या. लहान मुलांच्या वर्गात. फुगे बांधून."

मग त्यांनी मला भरले. मुलांसाठी शंख एका कापडात गुंडाळले, आणि ओलाचिंब निळा पोशाख, न पिळता, फरशीवाल्यांच्या नव्या कोऱ्या बुटांवर ठेवला. माझे अस्तर खाऱ्या पाण्याने डागळले. तो डाग अजून आहे. कुणी पुसायला आले तर मी त्याचेही बोट धरीन.

आता मी म्हातारी झाले आहे, म्हणून एवढेच मागते. सुटकेसला मुठीला धरून उचला, लाथ मारू नका. तिचे तोंड बंद असले तरी पोटात सगळे जपलेले असते. आणि मित्रांनो, कुणाला समुद्र द्यायचे कबूल केले असेल, तर तो पाण्यासकट द्या.